खालच्या पायरीवरून

दाजींच्या त्या पत्राला मात्राकाकांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. पत्र काही हरवलं नव्हतं. ग्रहताऱ्यांवरच्या एका जाडजूड पुस्तकात ते खूण म्हणून घातलेलं होतं, आणि त्या पानाच्या पुढे मात्राकाका तेव्हापासून सरकले नव्हते.

दाजी म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला दोन गल्ल्या पलीकडे. आवाज असा, की खिडकी उघडी असली तर पत्राची गरजच पडू नये. तरी ते पत्र टपालानं आलं होतं, तिकीट लावून, पत्ता नीट लिहून. आत फरशांची मांडणी काढायचा चौकड्यांचा कागद, आणि एका चौकडीत एक अक्षर अशा शिस्तीनं लिहिलेला मजकूर:

'मेहुणेबुवा, पृथ्वी गोल आहे असं तू म्हणतोस. पुस्तकात आहे म्हणून म्हणतोस. पुस्तक बाजूला ठेव. शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं तेही सोड. तू स्वतः, तुझ्या या दोन डोळ्यांनी, ती गोल असल्याचं कधी पाहिलंस का? पाहिलं असशील तर काय पाहिलंस ते लिही. नसेल पाहिलं तर तसं लिही. वाट बघतो. तुझा दाजी.'

शिवी असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर न देण्यात थोडा मोठेपणा तरी असतो. हे पत्र सभ्य होतं, प्रश्न सरळ होता, आणि मात्राकाकांकडे उत्तर नव्हतं. पृथ्वीबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. शंका होती ती स्वतःबद्दल. ही गोष्ट सांगणारे आपण कोण, हे काही त्यांना कळेना.

छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. भूगोलाची पुस्तकं, विज्ञानाची पुस्तकं, प्रवासवर्णनं, सगळी त्यांच्या डोळ्यांखालून गेली होती, पण ती दुसऱ्यांची वाक्यं होती. यांनी त्यातला काना बघितला, मात्रा बघितली आणि पान पुढे सरकवलं. त्यावरूनच खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी त्यांचं नाव 'मात्रा' ठेवलं, आणि केस पिकल्यावर त्यामागे 'काका' लागलं. ज्या खोलीत बसून त्यांनी सूर्यमालेची प्रुफं तपासली तिच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती. राहत्या घराचीही तीच तऱ्हा. आकाश त्यांनी पाहिलं ते बहुतेक कागदावर.

आणि तरीही वाचनालयातला आकाशाचा फळा तेच लिहायचे. छापखाना बंद पडल्यापासून दर सोमवारी सकाळी ते खडू घेऊन जायचे आणि वाचनालयाच्या दाराशी टांगलेल्या काळ्या फळ्यावर त्या आठवड्यात आकाशात काय दिसेल ते लिहून ठेवायचे. शुक्र कुठे, चंद्र कधी उगवणार, ग्रहण असलं तर पृथ्वीची गोल सावली चंद्रावर कशी सरकेल. अक्षर मोत्यासारखं. पेपर वाचायला येणारी माणसं दोन मिनिटं तिथे थांबायची, आणि कुणीतरी म्हणायचं, "काका, काल पाहिला तुमचा गुरू." मात्राकाका लाजून चष्मा पुसायचे. बायको गेल्यापासून त्यांच्याशी आठवड्यात कुणी आपणहून बोलायचं ते एवढंच. हा फळा गेला असता तर सोमवारी सकाळी उठायचं कशाला, हे त्यांना सांगता आलं नसतं.

दाजींचं प्रकरण सुरू झालं ते जेवणाच्या टेबलावर. दाजी फरशी बसवणारे. हात असा की त्यांच्या फरशीवर ठेवलेली गोटी जागची हलत नसे. काम थांबल्यावर त्यांच्या हाती मोबाइल आला, मोबाइलवर कुणीतरी काहीतरी पाठवलं, आणि एका रविवारी त्यांनी घास हातात धरून जाहीर केलं, की पृथ्वी सपाट आहे.

"जन्मभर लेव्हल लावली मी," ते म्हणाले. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाण्याची नळी धरली. हे टोक, ते टोक, पाणी सारखं. दवाखान्याचा तो मोठा हॉल केला, शाळेचा व्हरांडा केला. फुगवटा कुठे सापडला नाही मला."

"दाजी, पृथ्वी फार मोठी आहे. एवढ्याशा अंतरात तो कळत नाही."

"कळत नाही ते आहे म्हणायचं?"

"म्हणजे असं बघा, चारी बाजूंना ढाळ दिलेली फरशी असते ना..."

"ढाळ दिला की पाणी जाळीत जातं. तुझी जाळी कुठे आहे ते सांग मला आधी."

मात्राकाकांना जाळी सांगता येईना. गुरुत्वाकर्षण म्हणावं तर ते पुस्तकातलं. ताईनं भाजी वाढता वाढता दोघांकडे बघितलं.

"पृथ्वी कशीही असो," ती म्हणाली, "ताट सपाट आहे. गप जेवा."

त्यानंतर पत्र आलं. मात्राकाका उत्तर लिहायला बसायचे आणि पहिलीच ओळ 'हे सर्वमान्य आहे की' अशी निघायची. ती खोडली की 'अनेक थोर निरीक्षकांनी दाखवून दिलं आहे की' अशी. तीही खोडायची. मग कागद कोराच राहायचा. कोऱ्या कागदाला लाजून ते ताईकडे जायचेही बंद झाले. ताईच अधूनमधून डबा घेऊन यायची, आणि त्या घरातलं या घरात न सांगता निघून जायची.

इकडे दाजींभोवती मंडळी जमली. सलूनवाला, औषधाच्या दुकानाचा मालक, आणखी चार-पाच जण. लोक त्यांना सपाटवाले म्हणत आणि ते खुशाल म्हणवून घेत. सलूनवाल्यानं तर आरशावर चिठ्ठी चिकटवली: 'येथे डोकी गोल आहेत, पृथ्वी नाही.' माणसं हसायची, दाढी करून जायची, आणि दोन-चारांत एखादा तिथेच बसून राहायचा.

मग एका सोमवारी वाचनालयाच्या अध्यक्षांनी मात्राकाकांना आत बोलावलं. अध्यक्ष मोठे समजूतदार गृहस्थ. भांडण म्हटलं की ते आधी मधला रस्ता शोधायचे. समोर एक अर्ज होता.

"बसा काका. विशेष काही नाही. या लोकांचं म्हणणं आहे की फळ्यावर एकच बाजू येते."

"कसली बाजू? चंद्र उगवायची वेळ असते ती."

"ते झालंच. पण मागे तुम्ही पृथ्वीची गोल सावली असं लिहिलंत. त्यांच्या भावना दुखावल्या. तर मी म्हणतो, वरती एक ओळ टाका. 'एका मतानुसार'. बस्स. दोन शब्द. खाली तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

मात्राकाकांच्या हातात खडू होता. तो त्यांनी एवढा घट्ट धरला की त्याचे दोन तुकडे झाले.

"ती ओळ मी लिहिणार नाही," ते म्हणाले.

अध्यक्षांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मात्राकाकांनी या इमारतीत आजवर कशालाही नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. पंखा बंद करू का विचारलं तरी घामाघूम होऊन ते हो म्हणायचे.

"दोन शब्द तर आहेत काका."

"चंद्र काही एका मतानुसार उगवत नाही."

अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. म्हणाले, महिनाअखेरच्या सभेत हा विषय येईल. तुमचे दाजी म्हणताहेत की माझ्या पत्राचं उत्तर दे, म्हणजे अर्ज मागे घेतो. द्या की उत्तर. घरातलंच माणूस आहे. नाहीतर सभेला फळा उतरवावा लागेल.

घरी येईपर्यंत मात्राकाकांचा राग शिगेला पोचला होता. राग ही त्यांना सवयीची गोष्ट नव्हती. त्या भरात त्यांनी पुस्तकं काढली, नकाशा काढला आणि गावाबाहेरच्या तलावाचं गणित मांडलं. तलाव लांबलचक होता. अलीकडे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पलीकडच्या टोकाला पंपहाउसचा धक्का आणि धक्क्यावर जेमतेम माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर रात्रभर जळणारा लाल दिवा. गणित स्पष्ट होतं. खालच्या पायरीवर बसलं तर पाण्याच्या फुगवट्याआड दिवा दिसायला नको. वर कठड्याशी उभं राहिलं तर दिसायला हवा. त्यांनी ते तीनदा तपासलं. प्रुफासारखं उलट्या बाजूनंही तपासलं.

आणि पुढच्या सोमवारी फळ्यावर, ग्रहांच्या खाली, ठळक अक्षरांत लिहिलं: 'रविवारी दिवेलागणीला तलावाच्या खालच्या पायरीवरून पंपहाउसचा लाल दिवा दिसणार नाही. वरून दिसेल. पृथ्वी गोल आहे. ज्याला शंका असेल त्यानं यावं.'

लिहिताना त्यांना फार बरं वाटलं. तलावावर जाऊन एकदा आपण बघून यावं, हे मात्र त्यांच्या डोक्यातही आलं नाही. तपासलेलं पान छापायला जातं, एवढंच त्यांना जन्मभर ठाऊक होतं.

रविवारी निम्मा गाव लोटला. दिवस चांगला तापलेला होता, पण तलावाचं पाणी अजून थंडीतलं होतं, बोट बुडवलं तर कळ जाईल इतकं गार. वारा अजिबात नव्हता. दाजी आले ते घडीचं स्टूल आणि लेव्हल घेऊन. मात्राकाकांकडे त्यांनी पाहिलं नाही. खालच्या पायरीवर लेव्हल ठेवली, बुडबुडा मध्ये आलेला पाहून मान हलवली आणि स्टुलावर बसले.

पलीकडे अंधारलं. आणि मग, पाण्याला अगदी चिकटून, थोडा लांबुळका, थोडा थरथरणारा, लाल दिवा दिसला.

खालच्या पायरीवरून. बसलेल्या माणसांना.

मात्राकाकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला. दिवा होताच. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हसू पायऱ्या चढत वरपर्यंत गेलं.

"काका," सलूनवाला म्हणाला, "तुमच्या पृथ्वीनं आज सुट्टी घेतली वाटतं."

"ही हवा," मात्राकाका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू येईना. "पाण्यालगतची हवा गार आणि वरची गरम असली, की प्रकाश सरळ जात नाही. थोडा खाली वळतो. आडचंही दिसायला लागतं. हे प्रसिद्ध आहे."

"पाणी वाकेना म्हणून आता प्रकाश वाकवला," सलूनवाला म्हणाला, आणि त्यावर तर अध्यक्षसुद्धा रुमालात हसले.

दाजी हसले नाहीत. त्यांनी स्टुलाची घडी केली, लेव्हल पुसून पिशवीत ठेवली आणि जाताना क्षणभर थांबले.

"हे पण पुस्तकातलंच सांगितलंस," ते म्हणाले. "माझा प्रश्न तोच आहे."

दुसऱ्या दिवशी मात्राकाका फळा लिहायला गेले नाहीत. अंथरुणातून उठलेच नाहीत. दुपारी ताई डबा घेऊन आली, खिडकी उघडली, समोरच्या भिंतीकडे पाहून नाक मुरडलं आणि खुर्ची ओढून बसली.

"हरलास म्हणे."

"दिवा दिसला."

"मग आता काय, सपाट झाली का पृथ्वी?"

"सपाट कशानं होतेय. गोलच आहे."

"मग पडून का राहिलायस?"

मात्राकाका उठून बसले. "ताई, दाजी खरं बोलले. मी काहीच पाहिलेलं नाही. न बघता लिहून टाकलं, दिसणार नाही म्हणून. सगळ्या गावासमोर तोंडघशी पडलो, ते ठीक आहे. पण माझ्यामुळे पृथ्वी तोंडघशी पडली."

"ती सांभाळेल तिचं," ताई म्हणाली. डब्याचं झाकण काढून तिनं त्यांच्यापुढे सरकवलं. "तुला एक सांगू? ह्यांना पृथ्वीचं एवढं काही नाही. ते पत्र त्यांनी दोन दिवस बसून लिहिलं. आयुष्यात तेवढं एकच. टपालवाला आला की अजून उठून दाराशी जातात. मला म्हणतात, तुझा शिकलेला भाऊ मला उत्तर द्यायच्या लायकीचा समजत नाही."

मात्राकाकांचा घास हातातच राहिला. आपल्याला उत्तर सापडत नाही याचा अर्थ पलीकडे असा लागत असेल, हे इतक्या दिवसांत त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं.

"मग लिही ना," ताई म्हणाली.

"लिहीन. पण आधी बघून येतो."

त्या आठवड्यापासून ते तलावावर जायला लागले. संध्याकाळी जायचे तेव्हा दिवा बहुधा दिसायचा, कधी लांबुळका, कधी दोन तुकड्यांत. मात्राकाका खालच्या पायरीवर बसून त्याच्याकडे रागानं बघत. मग त्यांना आपल्याच रागाचं हसू आलं. दिव्यानं काय घोडं मारलं होतं? त्यांनी वेळ बदलली आणि उजाडायच्या आधी जायला सुरुवात केली.

पहाट गार होती. श्वासाची वाफ दिसत होती. पाण्यात हात घातला तर ते हवेपेक्षा कोमट लागत होतं. मात्राकाका कठडा धरून जपून खाली उतरले, शेवटच्या पायरीवर बसले आणि समोर बघितलं. दिवा नव्हता.

पहिला विचार आला, बल्ब गेला असेल. दुसरा विचार, चष्मा. तो पुसून झाला. मग ते उठले आणि एक पायरी वर चढले. काही नाही. आणखी एक. काही नाही. गुडघ्यातून कळ निघाली म्हणून ते थांबले, मान वर केली, आणि पाण्याच्या कडेवर अगदी बारीक लाली होती. इतकी बारीक की खोडरबरानं पुसलेल्या रेघेसारखी. ते आणखी वर गेले. लालीची ठिणगी झाली. आणखी वर गेले. तिथे तो दिवा होता, पूर्ण, स्वच्छ, जणू मुळी कुठे गेलाच नव्हता.

ते परत खाली उतरले. दिवा बुडाला. वर चढले, उगवला. खाली उतरले, बुडाला. सूर्य वर येऊन दिवा फिका पडेपर्यंत सत्तरी ओलांडलेला तो माणूस त्या पायऱ्यांवर चढ-उतार करत राहिला, आणि एकदा तर, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, जोरात हसला. आपल्या आणि त्या दिव्याच्या मध्ये भिंत नव्हती, झाड नव्हतं, टेकडी नव्हती. नुसतं पाणी होतं, आणि ते आडवं येत होतं.

पण सवय कुठली जाते? घरी जाताना वाटेतच मनात आलं, आपल्याला हवं होतं तेच आपण बघितलं नसेल कशावरून? म्हणून दुसऱ्या पहाटे गेले. तिसऱ्याही. एका ढगाळ पहाटे दिवा खालूनही पुसटसा दिसला, आणि त्यांनी मुकाट्यानं तेही मान्य केलं. बाकी सगळ्या पहाटे तो बुडालेला होता. आता त्यांना पुस्तक उघडायची घाई नव्हती.

महिनाअखेरची सभा वाचनालयाच्या मोठ्या खोलीत झाली. खुर्च्या कमी पडल्या. दाजी पुढच्या रांगेत, शेजारी सलूनवाला. अध्यक्षांनी गोड शब्दांत विषय मांडला आणि म्हणाले, "काकांनी दाजींच्या पत्राला उत्तर दिलं असेल तर वाद इथेच मिटला."

मात्राकाका उभे राहिले. खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"त्या रविवारी मी लिहिलं होतं की दिवा दिसणार नाही. तो दिसला. मी चुकलो. न बघता लिहिलं, ही माझी चूक."

खोलीत कुजबुज झाली. सलूनवाल्यानं दाजींच्या मांडीवर थाप मारली.

"चूक माझी आहे," मात्राकाका पुढे म्हणाले, "पृथ्वीची नाही. ती गोल आहे. त्यानंतर मी रोज पहाटे जाऊन बघितलं. ज्याला यायचं त्यानं यावं, मी दाखवतो. दिवा बुडतो."

"म्हणजे सकाळी गोल आणि संध्याकाळी सपाट," सलूनवाला म्हणाला.

"संध्याकाळीही गोलच. सकाळी हवा तुमची बाजू घेत नाही, एवढंच."

हे त्यांना कसं सुचलं ते त्यांनाही कळलं नाही. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, आणि या वेळी ते मात्राकाकांना हसलं नव्हतं.

"मग प्रश्नच मिटला," अध्यक्ष घाईनं म्हणाले. "हेच दोन ओळींत लिहून दाजींना द्या. ते अर्ज मागे घेतील. काय दाजी?"

दाजींनी मान हलवली. "उत्तर दिलं की झालं. शब्द दिलाय मी."

"उत्तर मी देणार आहे," मात्राकाका म्हणाले. "पण फळ्याच्या बदल्यात नाही. दाजींनी मला प्रश्न विचारला तेव्हा त्यात फळा नव्हता. पत्र त्यांनी मला लिहिलं, वाचनालयाला नाही. त्याची देवाणघेवाण इथे सभेत होणार नाही."

"काका, हट्ट करू नका. मग ती ओळ तरी लिहा. 'एका मतानुसार'."

"नाही."

"मग मला फळा काढावा लागेल."

"काढा."

अध्यक्षांना हे अपेक्षित नव्हतं. आयुष्यात ज्यानं कुणाशी वाद घातला नाही तो माणूस वाद मिटवायची एवढी सोपी वाट का नाकारतो, हे त्यांना उमगेना. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी शिपायाला खूण केली. शिपाई स्टूल घेऊन दाराशी गेला. फळा उतरला. मागे भिंतीवर फळ्याच्या आकाराची फिकट चौकट उरली.

"फळा काढा असं मी म्हटलं नव्हतं," दाजी एकदम म्हणाले.

"अर्जावर सही आहे तुमची," अध्यक्ष म्हणाले.

"मी वाचलं नाही पूर्ण."

मात्राकाका त्यांच्यासमोरून दाराकडे गेले. खिशात हात घालून खडूची पेटी चाचपली.

"फळा वाचनालयाचा," ते अध्यक्षांना म्हणाले. "खडू माझे आहेत."

वाचनालयाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, बंद पडलेला छापखाना होता. त्याचं लोखंडी शटर वर्षानुवर्षं खाली ओढलेलं, शाई आणि धुरानं काळं पडलेलं. सोमवारी सकाळी मात्राकाका ओलं फडकं घेऊन तिथे गेले. शटर पुसलं. पट्ट्यापट्ट्यांच्या पत्र्यावर अक्षर काही मोत्यासारखं येईना, प्रत्येक ओळ नागमोडी जात होती. पण फळ्यापेक्षा जागा चौपट होती. त्यांनी शुक्र लिहिला, चंद्र लिहिला, आणि सगळ्यात खाली: 'पृथ्वी गोल आहे. आधी न बघता लिहिलं होतं. आता बघून लिहितो आहे. पहाटे, तलाव, खालची पायरी.'

पेपर वाचायला आलेली माणसं वाचनालयाच्या पायरीवरून वळून बघायला लागली. दोघंतिघं रस्ता ओलांडून आली. अध्यक्षांनी खिडकीतून डोकावलं आणि पडदा ओढून घेतला. रस्त्यापलीकडे त्यांचा अंमल चालत नव्हता.

"काका," एकजण म्हणाला, "हे शटर मालकानं उघडलं तर?"

"तर चंद्र गुंडाळला जाईल," मात्राकाका म्हणाले. "उगवायचा राहणार नाही."

घरी येऊन त्यांनी ते जाड पुस्तक काढलं, दाजींचं पत्र बाहेर काढून समोर ठेवलं आणि पुस्तक मिटून कपाटात परत लावलं. मग लिहायला बसले. या वेळी कागद कोरा राहिला नाही.

'दाजी, उत्तराला उशीर झाला. तुम्हाला कमी लेखलं म्हणून नाही. माझ्याकडे लिहायला काही नव्हतं आणि तसं लिहायची हिंमत नव्हती म्हणून.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तुमचं पत्र आलं तेव्हा मी पाहिलेलं नव्हतं. आता पाहिलं आहे. पहाटे खालच्या पायरीवरून दिवा दिसत नाही. चढत गेलं की आधी लाली, मग ठिणगी, मग दिवा. उतरलं की पुन्हा बुडतो. संध्याकाळी खालूनही दिसतो, तेही पाहिलं, तुमच्याबरोबरच पाहिलं. एका पहाटेही दिसला, तेही लपवत नाही. का दिसतो ते पुस्तकात आहे, पण पुस्तक बाजूला ठेवायचं ठरलं आहे म्हणून लिहीत नाही.

माझ्या आणि दिव्याच्या मध्ये पाण्याशिवाय काही नाही. जन्मभर तुम्ही पाण्याच्या शब्दावर फरशा बसवल्यात. मग तलावाचं पाणी काय म्हणतं तेही ऐकून घ्या. तुमच्याकडे दुसरं कारण असेल तर ऐकायला तयार आहे, पण ते त्या पायरीवर उभं राहून सांगा. मोबाइलमधलं नको.

फळा गेला त्याचा राग नाही. मत मी बदलणार नाही, 'एका मतानुसार' लिहिणार नाही, आणि रविवारी जेवायला येणार आहे.

पहाटे तलावावर येताना लेव्हल आणा. पायऱ्या ओल्या असतात, कठडा एकाच बाजूला आहे. दुसऱ्या बाजूला माणूस असला तर बरं. तुमचा, मेहुणा.'

दारात ताई भेटली. हातात डबा. तिनं पाकीट बघितलं, पत्ता बघितला.

"दोन गल्ल्या तर जायचं. दे इकडे, मी देते."

"नको. ते टपालानं आलं होतं."

"आणि टपालवाला आजारी पडला तर?"

"तर अजून दोन दिवस दाराशी जातील. त्यांना सवय आहे."

ताईनं त्यांच्यासाठी वाट सोडली. हसू आवरायला तिनं ओठ मुडपले होते.

कोपऱ्यावर टपालपेटी होती. पाकीट तोंडाशी धरल्यावर मात्राकाकांच्या लक्षात आलं, की तिसऱ्या ओळीत एक शब्द दोनदा पडला आहे. नक्की पडला आहे. पाकीट चिकटवलेलं होतं, वाफेवर धरून उघडता आलं असतं, नवा कागद घेता आला असता. ते तसेच उभे राहिले. मागून कुणीतरी खाकरलं, त्यालाही पत्र टाकायचं होतं.

"टाकताय का काका?"

"टाकतो की," मात्राकाका म्हणाले, आणि हात सोडला.